पावसाळा, फिरते घर आणि कोकणातील रिकामी अंगणे

किनारपट्टीवर धंदा करणाऱ्या कोणालाही विचारा, तो वर्षाचे दोन भाग करून सांगेल. ऑक्टोबर ते मे हा कमावण्याचा काळ आणि जून ते सप्टेंबर हा बसून खाण्याचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्रातील मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यावरच्या जलक्रीडा मेअखेरीलाच थांबतात आणि त्यांच्या बोटी ताडपत्रीखाली जातात. जंजिरा, सिंधुदुर्ग अशा पाण्यातील किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्याही बंद होतात. खानावळवाला एक आचारी ठेवून बाकीच्यांना घरी पाठवतो. थांबत नाही तो फक्त घरखर्च, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता.

याच चार महिन्यांत मुंबई-पुण्याची माणसे मात्र पावसातले कोकण पाहायला निघतात. हिरवे डोंगर, घाटातले धबधबे आणि खवळलेला समुद्र यांची हौस गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. त्यात आता एका नव्या वाहनाची भर पडली आहे. त्याला कोणी कॅम्परव्हॅन म्हणतात, कोणी कॅराव्हॅन. आम्ही त्याला सरळ फिरते घर म्हणू. या फिरत्या घराने आलेला प्रवासी किनाऱ्यावरील गावाला काय देऊन जातो आणि गाव त्याला काय विकू शकते, हे पाहण्यासाठी २०२४ च्या जुलैमध्ये आम्ही तिघे अशीच एक गाडी भाड्याने घेऊन अलिबागपासून जयगडपर्यंत सहा दिवस फिरलो. त्याचा हा वृत्तान्त.

फिरते घर म्हणजे काय?

बाहेरून पाहिले तर ती शाळेच्या मिनीबससारखी दिसते. आत बसण्याची बाके रात्री पलंग होतात. एका बाजूला गॅसची शेगडी, छोटे फ्रीज आणि हात धुण्याचे भांडे असते. मागे शौचालय आणि त्याखाली काढता येणारी टाकी. पाण्याची एक टाकी भरायची, सांडपाण्याची दुसरी रिकामी करायची. दिवे आणि पंखे वेगळ्या बॅटरीवर चालतात. ती बॅटरी गाडी चालू असताना, छपरावरील सौरपट्ट्यांवर किंवा बाहेरच्या विजेवर भरते. जुलैच्या ढगांखाली सौरपट्ट्यांचा उपयोग जवळजवळ नसतो, हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळले.

आणखी एक गोष्ट पहिल्याच रात्री कळली. छतावरील झरोक्यातून पाणी ठिबकू लागले आणि आमचे एक अंथरूण भिजले. गाडी घेताना आम्ही इंजिन पाहिले, टायर पाहिले, छप्पर पाहिले नाही. पावसात अशी गाडी घ्यायची तर ताब्यात घेण्यापूर्वी छतावर दहा मिनिटे नळीने पाणी सोडून पाहावे.

चहावालीचा प्रश्न

मुंबईहून भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. पावसाळ्यात तिच्या फेऱ्या हवामानावर अवलंबून असतात. आम्ही निघालो त्या दिवशी वारा जोरात होता म्हणून वडखळवरून रस्त्यानेच अलिबागला आलो.

पुढे चौल लागते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन याच बंदरात उतरला होता. तो जुन्नरला पोहोचला आणि पावसाने त्याला तिथेच दोन महिने अडकवून ठेवले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. परत जाताना तो दाभोळच्या बंदरातून गेला. पावसाने व्यापार अडवावा ही इथली जुनीच रीत आहे.

पहिली रात्र आम्ही काशीदजवळ रस्त्याच्या कडेला काढली. जेवण गाडीत शिजवले, झोपलो गाडीत. सकाळी एका टपरीवर चहा घेतला. टपरीची मालकीण गाडी आतून पाहून गेली आणि म्हणाली, "चूल तुमच्याकडे, खाट तुमच्याकडे, संडाससुद्धा तुमच्याकडे. मग आमच्याकडून घेणार काय?"

तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. एका दिवस-रात्रीत आम्ही त्या किनाऱ्यावर सहा चहा आणि भज्यांच्या दोन प्लेटी एवढाच खर्च केला होता. गावातली खोली आम्हाला नको होती. जाताना कचऱ्याची एक पिशवी मात्र आमच्याजवळ जमली होती. हेच प्रमाण राहिले तर फिरत्या घरांचे पर्यटन म्हणजे गावाला धूर, कचरा आणि वाहतुकीची अडचण, एवढेच पदरात पडेल.

खाड्या ओलांडताना

मुरूडच्या पुढे आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली आणि राजपुरी खाडी ओलांडून दिघीला उतरलो. कोकणच्या किनाऱ्यावर अशा फेरीबोटी ही फार मोठी सोय आहे. दाभोळ-धोपावे मार्गावर ती २००३ मध्ये सुरू झाली. पुढे बागमांडला-वेसवी, तवसाळ-जयगड, दिघी-आगरदांडा असे मार्ग झाले. दाभोळहून गुहागरला जायचे तर एरव्ही चिपळूणवरून लांबचा वळसा पडतो. बोटीने वाशिष्ठी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. मात्र ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार खडा होतो आणि लांब गाडीची मागची बाजू घासते. पाणी चढेपर्यंत तासभर थांबणे स्वस्त पडते. ज्या धक्क्यावर गाड्या थांबतात तिथे गरम भाकरीचा आणि चहाचा गल्ला पावसातही भरतो, हे आम्ही दोन ठिकाणी पाहिले.

श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत शिरलो तेव्हा माडांमधून मोकळे आभाळ फार दिसत होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीला बाजारात नाव आहे, पण पोफळ लावली की उत्पन्नासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. या वर्षांत घर कशावर चालवायचे? अनेकांनी घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देण्यास सुरुवात केली. त्या खोल्याही जुलैत रिकाम्याच असतात.

चाक रुतले

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीला उतरून आम्ही दापोली तालुक्यात आलो. संध्याकाळी समुद्राकाठच्या एका मोकळ्या मैदानावर गाडी उभी केली. वरून हिरवळ दिसत होती. खाली नुसती माती आणि वाळू. रात्री नऊच्या सुमारास पावसाने जोर धरला आणि पाण्याचा लोट मैदानावर येऊ लागला. गाडी काढायला गेलो तर मागचे चाक अर्धे आत गेलेले. जितका जोर लावावा तितके ते खोल जाई.

टॉर्च घेऊन दोन माणसे आली. त्यांपैकी साठीच्या घरातील गृहस्थ आम्हाला म्हणाले, "जोर लावू नका. आज उधाणाची भरती आहे, पाणी अजून वर येईल. आधी चाकाखाली चिरे घाला." त्यांनी शेजारच्या कुंपणातून जांभ्याचे चिरे काढून आणले, एका ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली आणि तासाभरात आमची गाडी त्यांच्या घरासमोरच्या अंगणात उभी होती.

अंगण पाहून आम्ही चकित झालो. दोन मजली बंगला, त्यासमोर चिऱ्यांच्या फरशीचे मोठे आवार, पाणी वाहून जायला उतार, विहिरीवर पंप, बाहेरच्या बाजूला वेगळे शौचालय. घरात माणसे मात्र चारच. वरच्या मजल्याला कुलूप. कोकणातील किनाऱ्यावरच्या आणि खाडीकाठच्या गावांत असे बंगले गल्लोगल्ली आढळतात. आखातात घाम गाळून पाठवलेला पैसा सिमेंटमध्ये गेला आहे. घर डोळ्यांना सुख देते, पण महिन्याला एक रुपया देत नाही.

चाचांनी सकाळी गाडीला एक फेरी मारली आणि आमच्या बॅटरीची जोडणी कुठे सैल आहे ते बोट ठेवून दाखवले. ते कुवेतमध्ये बावीस वर्षे इलेक्ट्रिशियन होते. तिकडे हिवाळ्यात लोक वाळवंटात तंबू आणि कॅराव्हॅन घेऊन राहायला जातात. त्या कॅराव्हॅनची वीज जोडण्याचे काम त्यांनी अनेक हंगाम केले होते. "तिकडे रेती, इकडे पाऊस," ते म्हणाले. "बाकी गाडीला लागते तेच. घट्ट जमीन, पाणी, वीज आणि मैला टाकायची जागा. खाट कोणी मागत नाही."

काशीदच्या चहावालीच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. फिरत्या घराने येणाऱ्याला खोली विकता येत नाही. पावसाळ्यात त्याला पायाखाली घट्ट जमीन विकता येते. उन्हाळ्यात तो कुठेही उभा राहील. पावसात मैदाने रुततात, किनारे भरतीखाली जातात, रस्त्याची कडा खचते. तेव्हा उताराचे, फरशीचे, विजेचे अंगण हा माल होतो, आणि तो कोकणात तयार पडून आहे.

घराला सोयीचा धंदा

चाचांच्या घरी आम्ही दोन रात्री राहिलो. जेवण घरातूनच आले. ताजी मासळी त्या दिवसांत नव्हतीच. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांचे कालवण, टाकळ्याची भाजी. निघताना सोडे, सुकट आणि कोकम विकत घेतले. पैसे चाचींनी घेतले आणि वेगळ्या डब्यात ठेवले. "भाकरीचा हिशोब माझा, अंगणाचा यांचा," असे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. धंदा घरात येतो तेव्हा स्त्रीच्या कष्टाचा हिशोब असाच वेगळा राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. घरात परकी माणसे ठेवणे अनेक कुटुंबांना रुचत नाही. पडदा, घरातील सुना-मुली, येण्याजाण्याची वेळ यामुळे खोल्या भाड्याने देण्याचा विचार मागे पडतो. अंगणातल्या गाडीने ही अडचण बरीच कमी होते. पाहुण्यांचे बिऱ्हाड त्यांच्या गाडीत, घरच्यांचे घरात. मध्ये अंगण.

चाचांचा धाकटा मुलगा आय.टी.आय. झालेला आहे. व्हिसासाठी त्याचे कागद गेलेले होते. तो आमच्या गाडीखाली अर्धा तास झोपून सगळी जोडणी पाहत होता. वडील त्याच्याकडे पाहत म्हणाले, "अंगणाने मुलगा थांबेल असे मी म्हणत नाही. पण थांबायचे ठरवलेच तर सुरुवात कुठून करायची, ते तरी दिसेल."

हिशोब करून पाहू

वाचकांनी स्वप्नांवर जाऊ नये म्हणून एक साधा हिशोब मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत.

जून ते सप्टेंबर असे सुमारे १७ आठवडे होतात. दर आठवड्याला एक गाडी दोन रात्री आली तर ३४ रात्री. सुरुवातीला याच्या निम्म्याच धरू, म्हणजे १७ रात्री. जागा, पाणी आणि वीज मिळून रात्रीचे ७०० रुपये घेतले तर ११,९०० रुपये येतात. वीज-पाण्याचा खर्च रात्री १०० रुपये वजा केला तर उरले १०,२००. चार माणसांच्या जेवणाचे दिवसाला १,२०० रुपये धरले आणि त्यातला एक तृतीयांश नफा धरला तर ६,८००. सुकी मासळी, कोकम, पापड यांच्या विक्रीवर रात्रीमागे १५० रुपये सुटले तर २,५५०. सगळे मिळून १९,५५० रुपये.

म्हणजे चार महिन्यांत साडेएकोणीस हजार. यावर कोणी श्रीमंत होणार नाही आणि नोकरी सोडून यात उडी मारावी असेही आम्ही सांगणार नाही. पण ज्या काळात घरात काहीच येत नाही त्या काळातली ही भर आहे. फरशी आणि शौचालय आधीच असलेल्याने बाकीच्या सोयींवर ४० हजार घातले, तर दोन पावसाळ्यांत ते जवळजवळ वसूल होतात. हिवाळ्या-उन्हाळ्यातील गाड्या हा वरचा नफा. फरशी नव्याने घालायची असेल तर हा हिशोब जुळणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

अंगणात काय हवे?

जमीन: शेवाळ धरलेला जांभा साबणासारखा निसरडा होतो. पावसाळ्यात फरशी वरचेवर खरवडून घासावी लागते. फाटकाची रुंदी, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि फणसाच्या खाली आलेल्या फांद्या आधी मोजून घ्याव्यात. गाडीची उंची अडीच मीटरच्या पुढे असते. चिंचोळ्या पाखाडीतून ती परत वळत नाही.

वीज: ओल्या अंगणात साधी वायर टाकून देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. चांगले अर्थिंग, झाकणाचा प्लग आणि गळती होताच प्रवाह तोडणारी कळ या तीन गोष्टी जाणकार माणसाकडून बसवून घ्याव्यात. घरगुती मीटरवर असा वापर चालतो की नाही, हे वीज कार्यालयात आधीच विचारावे.

मैला: हा सर्वांत नाजूक भाग आहे. गाडीची टाकी घराच्या सेप्टिक टँकमध्येच रिकामी झाली पाहिजे. खाडीत, वहाळात किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही नाही. टाकीत घालण्याची काही रसायने सेप्टिक टँकमधील जिवाणू मारतात आणि मग टँकच तुंबतो. म्हणून कोणते रसायन वापरता, हे पाहुण्याला विचारून घ्यावे. एका गाडीने गावाचे पाणी बिघडवले तर पुढच्या दहा गाड्या गाव येऊ देणार नाही.

माहिती: भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. शहरातून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. म्हणून तो गाडी वाळूत नेतो आणि समुद्र ती घेऊन जातो. भरतीच्या वेळा, फेरीबोट चालू की बंद, बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागला आहे, कोणत्या घाटात दरड आली आहे, एवढे फाटकावरच्या फळ्यावर रोज लिहिले तरी पाहुणा पुन्हा तुमच्याचकडे येईल.

सरकारी बाजू

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात गाड्या आणि त्या उभ्या करण्याची ठिकाणे या दोन्हींचा विचार आहे. नोंदणीची चौकशी पर्यटन संचालनालयाकडे करावी. किनाऱ्यालगत नवे बांधकाम करण्यावर सागरी किनारा नियमन क्षेत्राची बंधने आहेत. तेव्हा जुन्या अंगणाचा उपयोग करणे हाच शहाणपणाचा मार्ग. ग्रामपंचायतीला विश्वासात घेतल्याशिवाय सुरुवात करू नये.

स्वतः गाडी तयार करून भाड्याने देण्याचा विचार काही तरुणांच्या मनात येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. जुनी मिनीबस घेऊन गॅरेजात पलंग-शेगडी बसवली आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते. गाडीत भांडवल मोठे अडकते, अंगणात थोडे. सुरुवात अंगणापासून करावी, असे आमचे मत आहे.

पावसाचा मान राखा

शेवटी एक इशारा. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील पूल वाहनांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. हवामान खात्याने लाल इशारा दिला असेल त्या दिवशी पाहुणा येत असला तरी "आज येऊ नका" असे सांगणारा यजमान हवा. त्या दिवसाचे सातशे रुपये बुडतील, पण सचोटी टिकेल आणि धंद्यात तीच मोठी ठेव आहे.

सहाव्या दिवशी तवसाळहून बोटीने आम्ही जयगडला उतरलो. दिवसभर पाऊस थांबला नव्हता. बोटीवर आमच्या पुढे आणखी एक फिरते घर होते. त्यात एक जोडपे आणि दोन लहान मुले. गृहस्थाने काच खाली करून आम्हाला पहिला प्रश्न विचारला, "रात्री गाडी उभी करायला पुढे कुठे चांगली जागा आहे का हो?"

परतीच्या वाटेवर ते दापोलीकडून जाणार होते. आम्ही त्यांना चाचांच्या अंगणाची वाट कागदावर काढून दिली.